रिकाम्या जागा

सहामाहीत इतिहासाला वीसपैकी अकरा.
म्हणून नाताळच्या सुट्टीत विजयदुर्ग.
मी ठरवलं, ह्यांनी गाडी काढली.
मिरजेहून निघताना शाल्मलीच्या मांडीवर
चौथीचं पुस्तक, डब्यात गूळपोळ्या
आणि ओकारीसाठी दोन पिशव्या वेगळ्या.
फोंडा घाटात दोन्ही लागल्या.

मी वाटेभर विचारत होते:
आरमाराची गरज का भासली? कारणे द्या.
ती खिडकीबाहेर बघत देत होती,
दोन ओळींत, जशीच्या तशी,
फिनेलनं पुसलेल्या फरशीसारखी कारणं.
एकालाही समुद्राचा वास नव्हता.

दरवाज्यात मी पुन्हा बाई झाले.
बघ, वाट इथे मुद्दाम वळवलीय,
म्हणजे शत्रूला थेट धावत येता येत नाही.
निनादला शू लागली.
ह्यांना बँकेतून फोन, सुट्टीच्या दिवशीही.
आणि शाल्मली, तटाकडे पाठ करून,
एका सरड्याशी डोळे लावून बसलेली.
घसा बसला तेव्हा मी कोकम सरबत घेतलं
आणि गप्प झाले.

सरबतवाल्या बाईंनीच बुधाजी तारींना हाक मारली.
त्यांची होडी होती, ओहोटी लागली होती,
खडकांवरून त्यांनी आम्हाला
तटाच्या समुद्राकडच्या अंगाला नेलं.
काळा दगड. त्यात एक खळगा,
वाटीएवढा, कडा झिजलेल्या.
"बाय, हकडे ये. गोळो लागलेलो हयसर.
घाल हात. भियां नको."

तिनं मूठ घातली.
मूठ बरोबर बसली.
ती बराच वेळ काढेचना.

"आत कोण होतं?"
कुठे आत?
"भिंतीच्या मागे. गोळा लागला तेव्हा. नाव काय त्याचं?"

मला सन येत होते.
तह येत होते, कलमांसकट.
बुधाजींनी विडी विझवली, खिशात ठेवली.
"नावां कोण लिवन ठेयता, बाय?
आमच्यातलोच कोणतरी असतलो.
अर्ध्या जेवणारसून उठून इलेलो."

"त्याला मुलगी होती?"

ह्यावर कुणीच काही बोललं नाही.
लाट आली, निनादच्या चपला भिजल्या,
तो रडायला लागला, ते बरंच झालं.

मग होडीत, बऱ्याच आत गेल्यावर,
बुधाजींनी इंजिन बंद केलं.
"हयसर पाण्याखाली भिंत असा म्हणतत.
माका काय कधी दिसाक नाय.
पण बापाशीन सांगलेला,
पाणी उतारलेला असताना हयसून जाव नको.
म्हणान मी जाणय नाय."
शाल्मली काठावरून वाकली.
मी मागून तिचा फ्रॉक धरून ठेवला.
खाली नुसतं हिरवं, जाड पाणी,
आणि ती त्यात अशी बघत होती
जसं कुणी तिला खालून हाक मारतंय.

रात्री लॉजवर बांगड्याचे काटे काढताना
तिनं मला विचारलं,
तो परत येऊन जेवला असेल का.

जानेवारीत चाचणी झाली.
पेपर घरी आला, पालकांच्या सहीसाठी.
प्रश्न तोच. कारणे द्या.
तिनं लिहिलं होतं:
कारण समुद्राला कडी लावता येत नाही
आणि भिंतीच्या मागे माणसं जेवत होती.

दोनपैकी अर्धा.
समासात लाल शाईनं: पुस्तकातले उत्तर लिहा.

रागवायचं कुणावर ते मला ठरवता येईना.
बाईंचं तरी काय चुकलं,
वाटेभर मीही तेच म्हणत आले होते.
कुकरची तिसरी शिट्टी झाली.
मी पेन घेतलं, सही करायला लागले,
आणि माझ्या आडनावाच्या मध्येच कुठेतरी
ते अडलं,
पाणी उतरलेलं असताना
एखादी होडी अडावी तसं,
न दिसणाऱ्या कशाला तरी.