योग्य शीर्षक द्या

खालील उतारा वाचा, म्हणतं पुस्तक.
उतारा म्हटलं की आमच्या वडगावात
आधी आठवतो जमिनीचा, कानडीतला,
सासऱ्यांनी पोस्टमनकडून वाचून घेतलेला.
मग तिकटीवरचा, लिंबू-भाताचा,
रात्री ओलांडायचा नाही तो.
हा तिसरा, इंग्रजीतला.
हा ओलांडला नाही तर मार्क नाहीत.

कॅम्पातल्या डिमेलो टीचर
मंगळवारी आणि शुक्रवारी गुडघा धरून
सोसायटीच्या माडीचा जिना चढतात.
आम्ही सात जणी. बहुतेक मागावरच्या.
रोज दहा शब्द पाठ, चुकलं तर अकरा.
मी ते कोनाच्या पुठ्ठ्यावर लिहिते,
अक्षरं आपली, शब्द त्यांचे:
नेबर. हेझिटेट. अँक्शस.
एका कांडीला एक शब्द.
खट्याक हेझिटेट, खट्याक हेझिटेट,
आणि अँक्शसला नेमका धागा तुटतो.

बॉरो म्हणजे उसनं घेणं.
लेंड म्हणजे उसनं देणं.
साखरेची एकच वाटी,
भिंतीच्या ह्या बाजूला बॉरो, त्या बाजूला लेंड.
मी नीलव्वाला म्हटलं, कोण कुठल्या बाजूला
याचा हिशेब आपण कधी ठेवला?
ती म्हणाली, मी ठेवलाय, तीन वाट्या.

पान एक्केचाळीस. बॉर्डर.
गाइडात एकच अर्थ: सीमा.
मी म्हटलं, काठ. साडीचा.
नीलव्वा म्हणाली, दडी.
दडी? आमच्यात दडी मारतात, लपून बसतात.
ती म्हणाली, लपा की मग काठात, कोण बघतंय!
टीचरनी डस्टर आपटलं तरी हसू थांबेना.
गाइडातला अर्थ आम्हाला माहीत नव्हता असं नाही.
त्या अर्थापायी एसटी बंद पडते,
पाट्यांना डांबर लागतं,
पोरं दुपारीच घरी येतात.
पण काठाचे दोन रुपये जास्त मिळतात
आणि तो दोन्ही बाजूंनी सारखा विणावा लागतो.

नवरा म्हणतो, कलेक्टर होऊलीस काय?
नाही.
बाहेरचं गिऱ्हाईक येतं तेव्हा
मी साडी धरून उभी असते, दोन्ही हात गुंतलेले.
दलाल माझ्या साडीबद्दल इंग्रजीत बोलतो,
बराच वेळ, हसत हसत,
आणि दोनशे रुपये
त्या बोलण्यातच कुठंतरी मुरतात.
मला फक्त ते वाक्य ऐकायचंय.

तर उतारा. मिसेस हॉवर्ड
बोटीनं बहिणीकडे निघाली, किल्ली कुंडीखाली ठेवून.
अर्ध्या वाटेत तिला आठवलं,
स्वयंपाकघरातला दिवा चालूच राहिला.

प्रश्न दुसरा. मिसेस हॉवर्ड अँक्शस का झाली?
मी लिहिलं: करंट गेला
आणि साडी शुक्रवारी द्यायची होती.
टीचरनी लाल गोल काढला. उताऱ्यात नाही.
म्हणाल्या, वैजयंता, उत्तर वाचलेल्यात शोधायचं.
घर जिन्याखाली सोडून यायचं, चपलांबरोबर.

मी प्रयत्न करते. खरंच करते.
पण चपला तरी कुठं गप्प बसतात.
नीलव्वाची एक माझ्या एकीवर चढलेली असते
आणि टीचर म्हणतात, चपलेवर चपल म्हणजे प्रवास.
हे कुठल्या उताऱ्यात आहे?

शेवटचा प्रश्न: उताऱ्याला योग्य शीर्षक द्या.
दोन मार्क. सगळ्याजणी पेन चावतात.
नीलव्वाची वही माझ्याकडे सरकते,
कानडी वळणाची गोल अक्षरं,
इंग्रजीसुद्धा गोल गोल होतं तिच्या हातात.
तिनं लिहिलंय: द लाइट.
मी लिहिते आणि खोडते.

वरचा प्रश्न पहिला मी सोपा म्हणून सोडला होता.
किल्ली कुठे ठेवली?
कुंडीखाली, तीन वेळा लिहिलंय उताऱ्यात.
माझ्या हातानं मात्र
स्पेलिंगची एकही चूक न करता लिहिलं:
नेबरच्या घरी,
खुंटीवर, तिच्या किल्लीशेजारी.