पोत्याशिवाय

एकोणीस वर्षं मी सॅल्मनला दाणा टाकला
केमचीच्या खाडीत, पिंजऱ्यांच्या कडेकडेनं चालत,
पंचवीस-पंचवीस किलोची पोती खांद्यावरून उतरवत.
हात वर केला की पाणी उकळायचं.
हात खाली आला की निवायचं.
सदऱ्यातून तो वास गेला, कातडीतून गेला नाही.

मग कंपनीनं यंत्र बसवलं
आणि मला घरी बसवलं.

घरी सात कोंबड्या, एक कोंबडा,
आणि एदेलमिरा नाही.
ती प्वेर्तो माँतला, लेकीच्या बाळंतपणाला.
जाताना एवढंच म्हणाली: पोतं आणू नकोस.
फोनवर विचारलं, मग घालू काय त्यांना?
म्हणाली, मला काय विचारतोस, त्यांना विचार.

आता कोंबडीला काय विचारणार?
तरी येर्बा मातेचा पेला घेऊन पायरीवर बसलो
आणि बघत राहिलो.

पेत्रोनिला कुजक्या ओंडक्यापाशी घुटमळते.
ओंडका उलटला:
पांढऱ्या अळ्या, गांडुळं, अख्खं गाव झोपलेलं.
तिनं ते मिनिटात उठवलं.
ओंडका मी होता तसा ठेवला,
गावाला पुन्हा वसायला वेळ लागतो.

काळी विउदा मेंढ्यांच्या लेंड्या पायानं उकरून बघते,
जुन्या हिशेबात चूक शोधावी तशी.

ओहोटीला काठावर शेवाळाचे ढीग पडतात.
खालून टुणटुण उडणारे किडे.
घमेलंभर आणून ओतलं आणि अंगणात जत्रा भरली.
शिंपल्यांची टरफलं चुलीत भाजून दगडावर ठेचली.
अंड्याचं कवच कशाचं बनतं
हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.
बारके बटाटे उकडून; हिरवे झालेले मात्र नाहीत.
सफरचंदाचा चोथा ताजा.
आंबलेला एकदाच दिला,
कोंबडा संध्याकाळी आरवला
आणि कुंपणाला टेकून झोपला.

चोच देणारा चाराही देतो म्हणतात.
देतो.
पण मधे कुणीतरी ओंडका उलटायला लागतं.

ऑगस्टमध्ये बावीस दिवस आभाळ गळत होतं.
बाराव्या दिवशी कंबर म्हणाली, पुरे.
दोन्या एर्विताच्या दुकानातून पोतं आणलं,
कोटाखाली लपवत, दारू आणावी तसं.
कोंबड्यांनी काही विचारलं नाही. खाल्लं.

चौथ्या सकाळी खुराडं उघडलं.
आठही जणं रांगेत उभी.
ओंडक्याकडे कुणी गेलं नाही.
शेवाळ पडून होतं, किडे आपले आपण उडत होते.
सोळा डोळे माझ्या हातावर.

मी हात वर केला.
नुसताच. रिकामा.

अंगण उकळलं.

हात खाली घ्यायचं मला बराच वेळ सुचलं नाही.

उरलेला दाणा बार्रियाच्या डुकराला गेला.
दोन दिवस सगळ्या रुसल्या,
पेत्रोनिलानं माझ्या बुटाला चोच मारली,
बरोबर होतं तिचं.
तिसऱ्या दिवशी मी पावसात ओंडका उलटून बाजूला उभा राहिलो,
हात खिशात घालून.
विउदा आधी आली. मान तिरकी करून
एक डोळा माझ्याकडे, एक मातीकडे.
मातीकडचा डोळा जिंकला.

काल एदेलमिराचा फोन.
नातू रडत होता मागं, तरी तिनं पहिलं विचारलं:
बलक कसा आहे?
ती तिथून ओळखते की काय, कोण जाणे.
एक निळं अंडं बशीत फोडलं.
केशरी म्हणावा इतका नाही,
फिका म्हणावा इतकाही नाही.
येतोय, म्हणालो.
कोण येतोय?
रंग.

ती थोडा वेळ गप्प होती.
किती पोती आणलीस, तिनं विचारलं.
एक.

पोतं धुऊन दोरीवर टाकलंय.
शेवाळ आणायला बरं पडेल, घमेल्यापेक्षा मोठं आहे.
उद्या ओहोटी साडेपाचला.