झाकणावर

नोव्हेंबरातला दुसरा रविवार.
मुरोरानला बर्फ पडायचाय अजून,
नुसता वारा, बंदरावरून लोखंडाचा वास घेऊन येणारा.
येऊ नका म्हटलं होतं, तरी बाबा स्टेशनवर आलेत.
टोपी कानांवर ओढलेली. कान तसेही कामातून गेलेत,
अडतीस वर्षं भट्टीशेजारी उभं राहून.
मी म्हणते, थंडी फार आहे हो.
ते म्हणतात, हो, सव्वाबारा.

म्हाताऱ्या इगाराशीचं दुकान. सहा खुर्च्या,
रॉकेलची शेगडी, तिच्यावर किटली.
बाबा आत शिरताशिरताच दोन बोटं वर करतात.
दोन बोटं म्हणजे दोन तेनदोन:
भातावर कोळंबी, पिठात घोळून तळलेली, मग रसात बुडवलेली.
बाकीच्या पदार्थांच्या पाट्या भिंतीवर आहेत,
आम्ही त्या कधी वाचल्याच नाहीत,
आणि आता आकडे इतक्यांदा खोडलेत
की भाव विचारायचीच सोय उरली नाही.

वाडगे येतात. झाकणं नीट बसत नाहीत,
दोन दोन शेपट्या बाहेर डोकावतात,
पांघरुणाबाहेर पाय काढून कुणी झोपावं तशा.
आई अशीच झोपायची.

झाकण उचललं की बाबांचा चष्मा धुरकटतो.
ते तो पुसत नाहीत.
वाफ आपोआप विरेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहतात.
पीठ कुरकुरीत उरलेलं नाही, भिजून मऊ पडलंय.
पट्टीचे खवय्ये नाक मुरडतील.
पण इथे यायचं ते ह्या मऊपणासाठी,
आणि मधल्या तपकिरी भातासाठी,
ज्याला गोडसर खारट रस लागून लागून
कुणीतरी समजूत काढल्यासारखी चव येते.

मी लहान असताना आम्ही तिघं यायचो
आणि वाडगे दोनच मागवायचो.
आईला कधी भूक नसायची.
ती आमच्या उरलेल्या शेपट्या वेचायची,
खरी चव शेपटीतच असते, म्हणायची.
चाळिशीला आल्यावर मी एक खाऊन बघितली.
आई खोटं बोलत नव्हती.
म्हणजे, बोलत होतीच,
पण शेपटी खरंच चांगली लागते.

"सुमिए," बाबा म्हणतात,
आणि त्यांची दुसरी कोळंबी काड्यांत धरून माझ्याकडे करतात.
सवयीनं माझ्याही काड्या पुढे होतात.

मध्येच दोघांचे हात थांबतात.

मार्च महिन्यात असेच उभे होतो आम्ही,
लोखंडी ट्रेच्या दोन बाजूंना.
काड्यांची जोडीही विजोड, एक बांबूची, एक विलोची.
त्यांच्या काड्यांतून माझ्या काड्यांत,
पायांपासून सुरुवात करून वर वर,
तिथला माणूस हळूच सांगत होता, आता गुडघ्याचं,
आता मनगटाचं, आता शेवटचं, गळ्याचं.
हाडं इतकी हलकी होती
की मला वाटलं, मी काहीच धरलेलं नाही.
ते एक सोडून दुसऱ्या कशासाठीही
काडीतून काडीत द्यायचं नसतं.
पाच वर्षांची असताना ह्याच टेबलावर
आईनं ह्याच्यासाठी माझ्या हातावर चापट मारली होती.

बाबा झाकण उलटं करतात,
कोळंबी त्यावर ठेवतात, झाकण माझ्याकडे सरकवतात.
मी झाकणावरून उचलते.
आम्ही एकमेकांकडे बघत नाही.
किटली तेवढी बडबडत राहते.

मग ते वाडग्यातली शेपटी उचलतात,
जी जन्मात कधी खाल्ली नव्हती ती,
आणि नव्या कवळीनं चावू लागतात. बराच वेळ.
"ह्यात काय आहे एवढं?" ते विचारतात,
बहिरी माणसं विचारतात तसं, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं.
इगाराशी गॅसपाशीच वळून बघते.

मी म्हणते, आई म्हणायची, खरी चव ह्यातच असते.

"हो," बाबा म्हणतात, "दोन चाळीसची.
अजून वेळ आहे."
आणि चावत राहतात.