फरशी

तिसरं कार्ड. कॅमेरा ब. रविवार पेठ.
पाकिटावर निहालनं पेन्सिलीनं लिहिलंय : मस्त आहे.
मस्त हे नाव नव्हे, निहाल.
मस्त शोधून सापडत नाही.

एरंडवणे, तिसरा मजला, खिडकीला काळा कागद.
इथं मी दिवसभर नावं ठेवते.
आई म्हणते, तुला तेवढंच येतं.

आधी तारीख, तीही उलटी :
वर्ष, महिना, मग दिवस,
नाहीतर एप्रिलची अकरा
मार्चच्या अकराच्या मांडीवर जाऊन बसते.
मग जागा, मग माणूस,
मग तो काय करतोय ते, एका शब्दात.
आकड्याआधी शून्यं.
शून्यं नसली की दहा येतो दोनच्या आधी,
पंगतीत घुसणाऱ्या व्याह्यासारखा.
आणि फायनल हा शब्द कुठेही नाही.
फायनल, फायनल नवं, फायनल खरंच :
ही माझ्याआधीच्या मुलाची पुण्याई.
तो आता बँकेत आहे.

रविवारपेठ_वडके_हात_००७
रविवारपेठ_वडके_चष्मा_००२
रविवारपेठ_वडके_चहा_०११, कारण निहालला चहाची वाफ आवडते.

वडकेकाका भांड्यांवर नावं घालतात.
माझ्यासारखंच काम,
फक्त त्यांच्या यंत्राला मागे जायची कळ नाही.
कुणाकडून, कुणाला, तारीख?
मान वर न करता विचारतात
आणि सुई टर्रर्र करत डब्यावर उमटवते
चि. सौ. कां. ऋजुता हिस मामा-मामींकडून,
ऱ्हस्व-दीर्घ काकांच्या मर्जीनं.

आज गुरुवार. पाणी नसणार हे ठाऊक होतं,
वीजही गेली.
कॉपी ब्याण्णव टक्क्यांवर, यूपीएस टिटवीसारखा ओरडतोय.
मी देवाचं काही करत नाही,
पण त्या आठ टक्क्यांपुरतं केलं.

सगळं आलं. शेवटची क्लिप एकतीस नंबरची,
अकरा मिनिटं, आणि चित्रात नुसती फरशी.
शहाबादी. एक खिळा. स्टुलाचा पाय.
चपलांचा एक जोड, उजव्या अंगठ्याला नवा टाका.

ते कॅमेऱ्याचं बंद करा आधी, बाई म्हणते.
केलं, निहाल म्हणतो.
केलं नव्हतं. खाली ठेवला होता फक्त.

पिशवीची चेन. भांड्याला भांडं लागतं.
यावरचं नाव काढून मिळेल का?

बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेतंय, येऊ द्या, येऊ द्या.

काढून नाही मिळत, ताई. कोरलेलं आहे.
वरनं फूल घालून देतो.
फुलात दिसेल का नाव?
शोधणाऱ्याला दिसेल.
किती नग?
एकवीस.

मग नऊ मिनिटं सुई.
मी हेडफोन दाबून पाकळ्या मोजत बसले :
टर्र, थांबा, टर्र. पाच.
पुढच्याही पाच.
एका वाटीवर सहा, तिथं बहुधा हात घसरला.
बाई मधे एकदाच बोलली :
तो मोठा डबा राहू दे तसाच, आईकडचा आहे.

नावाच्या चौकटीत मी लिहिलं
रविवारपेठ_बाई_नाव_
आणि क्रियापदाशी अडले.
खोडणे? झाकणे?
काहीच कोरलं जात नाही इथं,
एक कळ दाबली की आधीचं नाव
ओरखडाही न ठेवता जातं.

तेवढ्यात शर्वरीचा फोन :
एकतीसमध्ये काही आहे का गं?
तिला ऐकवलं तर ती म्हणेल, हाच तर सिनेमा.
आणि ते खरंही असेल.

फरशी आहे, मी म्हटलं.

रविवारपेठ_फरशी_००१.
रंग करडा. खोका : वापरू नये.
पुसली मात्र नाही. का, ते मला विचारू नका.

मग झुबेरचे आवाज उघडले.
अठ्ठावन्न फायली,
सगळ्यांचं नाव एकच : आवाज.