‘ण’ कमी पडला

पुण्याहून एसटीनं ब्लॉक आला,
दुसऱ्याच कुणाच्या पेपरात गुंडाळलेला.
जस्ताच्या पत्र्यावर नीलाक्षी हसत होती, उलटी,
बट भलत्याच बाजूला.
संपादक बिराजदार म्हणाले,
लग्न लागेपर्यंत हाच चालवा.

आमचं चार पानी दैनिक.
उत्तरेतलं ते संस्थान नकाशात मला सापडलं नाही,
पहिल्या पानावर मात्र रोज सापडायचं.
राणी, राणीवसा, राणीसाहेबांची मेंदी, राणीचं माणिक.
मोठ्या टायपात दस्तगीरकडं ‘ण’ तीनच.
तिसऱ्या दिवशी तो खालून ओरडला,
“साहेब, ण संपला! बाईची बेगम करू का?”

मी वार्ताहर. बार्शीच्या पलीकडं गेलेलो नव्हतो.
कन्ना चौकात चहा पीत मी वरातीतले हत्ती मोजले, एकवीस.
संध्याकाळच्या चहाला ते एकतीस झाले.
नवरदेवाच्या तुऱ्यातला हिरा मी लिंबाएवढा लिहिला,
बिराजदारांनी त्याचं मोसंबं केलं.

त्याच आठवड्यात गिरणीचा भोंगा दोन पाळ्यांना वाजला नाही.
ते चौथ्या पानावर, तळाला,
दंतमंजनाच्या जाहिरातीखाली, सात ओळी.
त्याही मीच लिहिल्या.
त्यात एकही आकडा चुकीचा नव्हता.

विडीच्या कारखान्यात एक पोरगी अंक मोठ्यानं वाचायची,
बाकीच्या पानं कातरत ऐकायच्या.
बालामणी चिप्पानं मला गल्लीत अडवलं,
सूप कमरेवर, बोटांना तंबाखूचा वास,
“पेपरवाले, तिची आई कुठं बसली होती?”
मला फक्त हत्ती माहीत होते.
“उद्या येतंय की,” म्हणालो,
आणि रात्री आईला पुढच्या रांगेत बसवलं,
थोडं रडवलं.

मग एका रात्री अर्धा रकाना मोकळा राहिला.
मी लिहिलं, राणीच्या पलंगावर सोलापुरी चादर.
सकाळी कचेरीच्या दारात चार विणकर,
ती एकच चादर चौघांनी विणलेली.

बालामणीचा नवरा राजमल्लू त्यांत नव्हता.
तो रात्री आला, एकटा.
“ब्लॉक दे की बे दोन दिवस.”
भिंग लावून त्यानं तिच्या गालावरचे ठिपके मोजले,
चौकटीच्या कागदावर उतरवले,
मग जॅकार्डच्या पुठ्ठ्यांवर एकेक भोक पाडलं.
डाव्या डोळ्याला एकशे बारा लागली, म्हणाला.
“तुझी बाई ठिपक्यांची, माझी भोकांची. खरी कुणी बघितलीय बे?”

मरून जमिनीवर पांढरी राणी.
ब्लॉकवरून उतरवलेली, म्हणून उलटीच,
बट भलत्याच बाजूला.
पार्सल बालामणीनं शिवलं.
पत्ता मी घातला, माझ्याच बातम्यांतून:
महाराणी नीलाक्षीदेवी, संगमरवरी महाल, तळ्याकाठी.

नवव्या दिवशी ब्लॉक झिजून तिचं नाक गेलं.
दहाव्या दिवशी पहिल्या पानावर साखरेचा भाव.
एकविसाव्या दिवशी पार्सल परत,
शिक्का निळा, शाई पुसट: पत्ता अपुरा.

मी ते घेऊन गेलो. राजमल्लू मागावर होता,
खटखटात त्यानं ऐकलं की नाही कळेना.
धोटा थांबवून म्हणाला,
“पत्ता तुझा होता. तूच ठेव.”

पुढं खूप वर्षांनी टेलिप्रिंटरवर चार ओळी आल्या,
ती महाल सोडून निघाली म्हणून.
कुठं गेली ते नव्हतं.
डेस्कवरच्या नव्या पोरानं विचारलं,
“काका, जुना फोटो आहे का हिचा?”
नाही म्हणालो.

अंगावर घ्यावी अशी थंडी
सोलापुरात पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे.
तेव्हा ट्रंकेतून काढतो.
रंग अजून हललेला नाही.
कड वळून झोपलो की तिचा चेहरा
गुडघ्यांवर येतो, दुमडतो,
आणि पाय पसरले की पुन्हा हसतो.