गोचं वेन्ट

वर्गाच्या मांगंच माही चूल.
खिडकीतून गावंडे मॅडम म्हन्ते, सिट,
बाकडे करकरते.
म्हन्ते, जंप,
अन् छपराची माती डायरेक माह्या खिचडीत.

वॉश म्हन्लं का मी तांदूय धुतो.
कट म्हन्लं का कांदे.
सराटा फिरवाचा शब्द अजून आला नाई,
तरी फिरवतो. कराचं काय?

काल मॅडमनं भूतकाळ काढला.
वॉकचं वॉक्ट. कुकचं कुक्ट.
मांगं थोडकसं शेपूट, बाकी मानूस थोच.
कट अन् पुट तं बदलतच नाई,
काल बी पुट, आज बी पुट,
माह्यावानी.

मंग फयावर आलं गो.
गोचं वेन्ट.
एक अक्षर जुयत नाई ना मॅडम,
मी खिडकीतूनच बोलली.
पोट्टे खदखद हासले.
मॅडम म्हने, द्वारकाबाई,
हे असंच असते, पाठ करा लागते.

माही मोनाली पुन्याले कंपनीत हाय.
होयीले आली, फाटकापाशी उभी,
डोयाले गॉगल, केसं निरानाम येगये.
मी इचारलं,
कोन पायजे, बाई?

गो. वेन्ट.
गो. वेन्ट.
खिचडी बुडाले लागली.