दोन मिनिटं अकरा सेकंद

गाणं मार्चमधलं. भांडण मेमधलं.
हे आधीच सांगून टाकते,
पानठेल्यावर सगळे उलटं सांगतात.

मार्चमधे दोघं एकाच स्टुलावर बसायचे,
अर्धा-अर्धा.
स्टुडिओ म्हणजे काय, पाचपावलीतली आमची वरची खोली,
भिंतींना उभ्या केलेल्या गाद्या,
आणि बाबांचा बँडपार्टीतला कॅसिओ,
ज्याचा वरचा सा अजून कुणाच्या तरी वरातीत अडकलाय.
बीट मी हेडाऊकाकांच्या मागावरून घेतली.
दोन खटांच्या मधे धोटा जो श्वास घेतो
तो चोरला.
म्हणून त्यांच्या निकेशनं नाव घेतलं धोटा.
सुगत इंदोऱ्याचा. त्याचा आजा मिलमधे,
म्हणून तो भोंगा.
एक सूत नेणारा, एक पाळी सुटल्याचं सांगणारा.
मला वाटलं, कापड होईल.

मग मे. शेहेचाळीस डिग्री.
कुठल्याशा कॉलेजच्या पोस्टरवर
भोंगा हातभर अक्षरात,
धोटा खाली, चहापत्तीच्या जाहिरातीला चिकटून.
एवढंच.
भोंग्यानं म्हणायचं होतं, "मी छापलं काय बे?"
तो म्हणाला, "अक्षरं ज्याच्या त्याच्या मापानं येतात."

त्याच रात्री धोट्याची डिस आली:
मिल बंद, धूर बंद, पगाराची खिडकी बंद
भोंगा तरी वाजून राह्यला, नातवाले लागला छंद.
यमक चांगलं होतं. तेच वाईट झालं.
तिसऱ्या दिवशी भोंगा:
इकडून तिकडे धोटा, तिकडून इकडे
जिंदगी गेली, विणले काय? हातभर फडके.
हे काकांनी ऐकलं.
त्या दुपारी माग बंद होता.

मग फोन.
"ताई, त्याचा व्हर्स काढ."
"ताई, त्याचा आवाज दाब थोडा, कोणाले समजते?"
दोघांना मी एकच सांगितलं:
एप्रिलमधे पैसे भरले, तारीख टाकली,
आता ते माझ्या हातात नाही.
खरं म्हणजे होतं. दोन बटणं दाबली असती.
पण माइक एकच होता.
धृपदात दोन तोंडं एका जाळीवर टेकलेली,
कुणाची थुंकी कुणाच्या शब्दावर,
कशानं वेगळं करू?

तारीख कॅलेंडर न पाहता टाकलेली.
ती निघाली मारबतीची.
खाली रस्त्यावर पिवळी मारबत डोलत चाललेली,
माणसांवर माणसं,
महागाई घेऊन जा गे मारबत!
डेंग्यू घेऊन जा गे मारबत!
आणि कठड्यावरून एक शेंबडं पोरगं,
भोंग्याले घेऊन जा गे मारबत!
समोरच्या गच्चीवरून लगेच, धोट्याले! धोट्याले!
हशा.
दोन्ही गच्च्यांवरच्या मोबाइलात तेव्हा
आमचंच गाणं लागलेलं,
एका शब्दानं पुढे-मागे.

लोक शोधत होते कुणी कुणाला कुठे टोचलंय.
ठेल्यावर एकजण तर म्हणाला,
"दुसऱ्या कडव्यातलं ऊन म्हणजे भोंगाच आहे, पाय ना."
ऊन म्हणजे ऊनच होतं बाबा.
कूलरची मोटर जळाली होती आमची.

हेडाऊकाका जिन्याखाली उभे होते.
मला वाटलं, बोलतील ते फडक्याचं.
म्हणाले, "ते दुसरं पोरगं येत नाही काहून आता?
त्याच्या हसण्यानं माझा धागा तुटे."

ते हसू गाण्यात आहे.
दोन मिनिटं अकरा सेकंद.
धोटा 'तापमान' म्हणताना 'तापमाय' म्हणून गेला,
मागे भोंगा फिस्सकन हसला,
धोटा अर्धी मात्रा घसरला
आणि त्या हसण्याला धरूनच पुन्हा उभा झाला.
चांगला टेक त्यानंतरचा होता.
मी हा ठेवला.

रात्री अकराला, मारबत जळून गेल्यावर,
सुगतचा मेसेज:
दोन-अकराले मीच हसलो काय?
हो, म्हटलं. काढू?

धोट्याचं काहीच आलं नाही.
सुगतचे तीन ठिपके उमटत राहिले, पुसत राहिले,
इकडून तिकडे,
तिकडून इकडे.